बोट, पट्टी आणि भाकरी

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर मधुमेहाच्या वर्गाला बसायला सांगितलं. त्यात शिकायचं काय? गोड बंद, कारलं सुरू! वर्ग घेणाऱ्या ताईंनी विचारलं, "काल रात्री काय जेवलात, काका?" "भाकरी," मी ऐटीत. "किती?" भाकऱ्या मोजतं कोण?

मग ग्लुकोमीटर, म्हणजे साखरमोजणी यंत्र. मी बोटाच्या ऐन मध्यावर सुई टोचून कळवळलो. कडेला टोचलं की कमी दुखतं म्हणे. घरी आकडा आला २८६. माझे पायच गळाले. बायको म्हणाली, "आत्ताच आंबे चिरलेत ना? हात धुतले?" साबणाने हात धुऊन, कोरडे करून नवी पट्टी लावली. १५२. बाकीची साखर हापूसची!

ताईंनी आकड्यांच्या जोड्या लिहायला लावल्या: एक जेवणाआधी, दुसरा पहिल्या घासानंतर दोन तासांनी. दुसरा १८०च्या आत हवा. ज्वारीची भाकरी मी औषध समजून रिचवत होतो. वहीत तिचे आकडे दोनशेपार. मग एक भाकरी कमी केली, मटकीची उसळ आणि काकडी वाढवली. १६४! हे कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच शोधलं होतं. दोन दिवस रुबाबात वावरलो. एकादशीच्या साबुदाणा खिचडीने तो उतरवला.

एका दुपारी जेवण लांबलं. घाम फुटला, हात थरथरू लागले. यंत्रावर ६४. माझ्या गोळ्यांतली ग्लिमेपिराइड उपाशीपोटी साखर अशी फार खाली नेऊ शकते. हात पेढ्याकडे गेला (कारण मिळालंच होतं), पण वर्गातलं आठवलं: पेढ्यातल्या तुपाने साखर रक्तात उशिरा पोचते. ७०च्या खाली गेलं की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. ती पंधरा मिनिटं पेढा समोरच होता.

एचबीए१सी तपासणीआधी दोन दिवस लंघन करायचा माझा बेत होता. ताई हसल्या. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. दोन दिवसांच्या उपासाला ती भीक घालत नाही.

शेवटी पायांची परीक्षा. डोळे मिटायचे, नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकला की "हो" म्हणायचं. पास व्हायच्या घाईत मी खणखणीत "हो" म्हणालो.

"अजून टेकवलाच नाही, काका."