शब्दाचें कूळ आणि शील

गेल्या आषाढांत, बांध्यांतून धानाची रोवणी चालू असतां, आमची नात ओटीवर बसून इंग्रजी शब्द घोकीत होती. स्पर्धापरीक्षेसाठीं रोज पन्नास शब्द, असा तिचा नेम. अमरकोश घोकूनच आम्ही लहानाचे मोठे झालों, तेव्हां त्या सुरांत आम्हांस कांहींच वावगें वाटलें नाहीं. परंतु चार दिवसांनीं पहिले पन्नास विचारतांच तिला पंधराही सांगतां येईनात.

आम्हीं म्हटलें, "बाळ, सुटे मणी ओंजळींत राहत नाहींत, ते दोऱ्यांत ओवावे लागतात." हा दोरा म्हणजे धातु. एका 'हृ' धातूपासून उपसर्गभेदानें प्रहार, आहार, विहार, संहार हे शब्द होतात. इंग्रजीचीही तीच तऱ्हा. लॅटिनमध्यें 'स्पेक्' म्हणजे पाहणें. त्यावरून इन्स्पेक्ट म्हणजे आंत पाहणें, प्रॉस्पेक्ट म्हणजे पुढें पाहणें, सस्पेक्ट म्हणजे खालून, संशयानें पाहणें, आणि रिस्पेक्ट म्हणजे वळून पाहणें. आदरणीय माणसाकडे आपण वळून पाहतोंच कीं! आपला 'पश्य' त्याच कुळांतला. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें हें नातें सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास विद्वानांपुढें मांडलें. दंत व डेंटिस्ट, पाद व पेडल, हीं त्याच नात्याचीं उदाहरणें. आमच्या परसांतलें मुंगूस तर मराठींतूनच निघून इंग्रजींत 'मॉंगूस' होऊन बसलें आहे.

नातीस ही वाट फारच आवडली. परंतु येथेंच थांबणें अप्रामाणिकपणाचें झालें असतें; कारण या वाटेवर आम्ही स्वतः एकदां ठेंचाळलों आहों.

आम्ही नवखे शिक्षक होतों, तेव्हांची गोष्ट. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला; तत्पूर्वीं हा मुलूख भंडारा जिल्ह्यांतच मोडत असे. आमचे मुख्याध्यापक निवृत्त व्हावयाचे होते. इंग्रजी मानपत्राचें काम आम्हीं हौसेनें अंगावर घेतलें. आमच्या लहानशा कोशांत 'नोटोरियस' या शब्दापुढें 'सर्वांस ठाऊक असलेला' असा अर्थ पहिला होता. शब्द भारदस्त, धातूही आमच्या 'ज्ञा'चा सगोत्र. आम्हीं गुरुजींस भरसभेंत 'नोटोरियस शिक्षक' म्हणून गौरविलें! टाळ्या झाल्या. गुरुजी मात्र क्षणभर खालीं पाहत राहिले. रात्रीं आम्हांस जवळ बसवून ते इतकेंच म्हणाले, "शब्दाचें गोत्र पाहिलेंत, संगत पाहिली नाहीं. हा शब्द दरोडेखोरांच्या संगतींत वावरतो." त्या रात्रीं आमच्या डोळ्यास डोळा लागला नाहीं.

तेव्हांपासून आम्ही मानतों कीं, धातूनें शब्दाचें कूळ कळतें. त्याचें शील प्रयोगावांचून कळत नाहीं. सून आणतांना आपण दोन्ही पाहतों, मग शब्द घरांत घेतांनाच उतावीळ कां व्हावें? घट हवा असल्यास माणूस कुंभाराकडे जातो, परंतु शब्द घडवून घेण्यास वैयाकरणाकडे कोणी जात नाहीं, असें पतंजलींनीं महाभाष्यांत म्हटलें आहे. शब्द मिळतात ते लोकव्यवहारांत. मोल्सवर्थसाहेबांनीं १८३१ सालीं मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, तोही एतद्देशीय शास्त्र्यांच्या साह्यानें. आणि नुसत्या अर्थावर न थांबतां म्हणी व वाक्प्रचारही त्यांत नोंदले. परक्या साहेबानें आपल्या भाषेसाठीं जें केलें, तें आपण त्याच्या भाषेसाठीं कां करूं नये?

नातीनें आतां नवी वही केली आहे. रोज पन्नासांऐवजीं दहाच शब्द. प्रत्येकापुढें धातु, वाचनांत आढळलेलें एक वाक्य व स्वतःचें एक. आमची कथा ऐकून तिनें विचारलें, "आजोबा, गुरुजींची क्षमा मागितलीत कां?" मागावयाची राहून गेली होती, गुरुजी निवर्तले त्यासही आतां बरींच वर्षें झालीं. आम्हांस उत्तर देववेना.

ती कांहीं बोलली नाहीं. संध्याकाळीं वही तपासावयास आमच्या पुढें आली. 'नोटोरियस' या शब्दापुढें तिनें स्वतःचें इंग्रजी वाक्य लिहिलें होतें. त्याचा भावार्थ असा कीं, चष्मा हरवण्याविषयीं आमचे आजोबा नोटोरियस आहेत. आम्हीं चष्मा शोधून वाक्य दोनदां वाचलें. प्रयोग निर्दोष होता.