सतरा सप्टेंबर आणि आम्ही

भूम तालुक्यातले आमचे ईट निजामी मुलखाच्या काठावरचे. पलीकडे जामखेड तालुक्यातले खर्डा, म्हणजे इंग्रजी अंमल. सरहद्दीवरच्या मुलखाने १९४७-४८ साली रझाकारांचा जुलूम पाहिला आणि त्यांच्याशी लढणाऱ्या स्टेट काँग्रेसचे कॅम्पही पाहिले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरहून नळदुर्गाच्या वाटेने आत शिरली. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

दरवर्षी त्या दिवशी झेंड्याला सलामी द्यायला आम्हीही रांगेत असतो. भाषणात 'रझाकार' शब्द आला की दोन-चार नजरा आमच्या टोप्यांकडे वळतात. कासीम रझवी लातूरला वकिली करायचा आणि लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होते, हे आम्ही कशाला नाकारू? पण हैदराबादने भारतात सामील व्हावे असे 'इमरोज'मधून लिहिणारे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये ठार मारण्यात आले, हे त्या भाषणात क्वचितच येते. मुक्तीसाठी मेलेला तोही आमचाच माणूस.

घरात मात्र 'मुक्ती' हा शब्द नव्हता. दादी म्हणायची, "पुलिस अ‍ॅक्शन के बरस तेरे अब्बा झूले में थे." पुढे विचारले की ती चुलीकडे वळायची. ती काय गिळत होती, ते पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीचा अहवाल वाचल्यावर उमगले. त्यात सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे सांगितले आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. संस्थानभर किमान २७ ते ४० हजार माणसे गेल्याचा अंदाज आहे. कित्येक दशके सरकारने तो अहवाल दडवून ठेवला. मुसलमान विणकरांना वाचवण्यासाठी हिंदू विणकरांनी जिवाचे मोल दिल्याचेही त्यातच आहे. हे कोणी सांगत नाही, आम्हीसुद्धा नाही!

महाराष्ट्रात गावोगावी हुतात्मा स्मारके उभारण्याची योजना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची. त्या पायऱ्यांवर आज पोरे अभ्यास करतात, म्हातारे सावलीला बसतात. दादीच्या पिढीला बसायला अशी पायरी कुठेच नाही.

यंदा मोहल्ल्यातल्या एका पोरीने मुक्तिदिनाचे भाषण शोएबुल्लांवर केले. गुरुजींनी फळ्यावर नाव लिहायला घेतले आणि थांबून विचारले, "बेटा, हे जोडून लिहायचं की तोडून?"