दहा फुटांची काठी

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाने दर रविवारी सायंकाळी फासे खुळखुळवीत बसावे, ही गोष्ट आमच्या शेजारच्या तात्यांना फारशी रुचलेली नाही. "खेळता तरी काय?" असे त्यांनी एकदा विचारले. या खेळास पट लागतोच असे नाही, सोंगट्या नसल्या तरी चालते, डाव कधी संपत नाही आणि कोणी जिंकतही नाही, असे मी प्रामाणिकपणे सांगितले. त्यावर "मग खेळता कशाला?" असा जो प्रश्न त्यांनी केला, त्याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप देता आलेले नाही.

ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारी मुले आहेत, त्यांच्या कानांवरून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे नाव एव्हाना गेले असेल. इतरांकरिता थोडक्यात सांगतो. चारपाच जण मेजाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक काल्पनिक पात्र घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण मात्र पात्र न घेता सूत्रधार होतो. "तुमच्यापुढे दगडी जिना आहे, खालून गार वारा येत आहे," असे तो सांगतो आणि आपण काय करणार हे खेळणारे त्याला सांगतात. जेथे निकाल अनिश्चित असेल तेथे फासा टाकावयाचा. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली हा खेळ प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून 'हा खेळ खरोखर कसा खेळावा' या विषयावर त्याच्या भक्तांत जे भांडण जुंपले आहे, ते आमच्याकडील कोणत्याही पंथभेदास लाजवील असे आहे.

मी या वादात जुन्या पक्षाचा. याचे कारण असे की, १९९६ साली उच्च शिक्षणानिमित्त मी विस्कॉन्सिन राज्यात जाऊन राहिलो होतो. ज्या लेक जिनीव्हा गावात हा खेळ जन्मला, ते गाव त्याच राज्यातले. बाहेर गुडघाभर बर्फ पडलेले असे आणि आम्ही चौघे विद्यार्थी १९८१ सालची एक चौसष्ट पानी पुस्तिका मध्ये ठेवून भुयारात उतरत असू. त्या पुस्तिकेचा कायदा मोठा कडक होता. पात्राचे बल, बुद्धी इत्यादी सहा गुण तीन फाशांनी ओळीने पाडावयाचे. जे पडेल ते भोगावयाचे. नवखा जादूगार म्हणजे बहुधा चारच्या आत जीवनगुण असलेला प्राणी. त्याला दिवसातून एकदा एकच मंत्र म्हणता येई. जीवनगुण शून्यावर आले की माणूस मेला. तेथे रदबदली नाही. मशाल तासाभराने विझे. आणि मौज अशी की, एक गॉब्लिन मारल्यास अनुभवाचे गुण मिळत अवघे ५, पण भुयारातून आणलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्यामागे मिळे १ गुण. जादूगारास दुसऱ्या पायरीवर चढण्यास २,५०० गुण लागत. हे गणित ज्याच्या ध्यानात आले तो तलवार उपसण्याच्या भानगडीत पडत नसे. तो राक्षसास चुकवून, फसवून, प्रसंगी त्याच्याशी करार करून खजिना लांबवी.

आमच्या सामानात सर्वांत मोलाची वस्तू तलवार नव्हती. ती होती दहा फुटांची एक लाकडी काठी. तिची किंमत एक सुवर्णनाणे. पुढची फरशी पोकळ आहे काय, हे त्या काठीने ठोकून पाहिल्यावाचून आम्ही पाऊल टाकीत नसू. माझे पहिले पात्र पाऊण तासात मेले, कारण मी काठी घेतली नव्हती. दुसरे दोन रविवार जगले. तिसरे मात्र मी परत येईपर्यंत जिवंत होते, आणि परदेशी मिळविलेल्या पदवीइतकाच त्याचा मला अभिमान वाटतो. फाशावर विसंबू नये, डोळे उघडे ठेवून विचारावे, ही शिकवण मला त्या चौसष्ट पानांनी दिली, अशी माझी श्रद्धा होती.

माझी कन्या व तिचे स्नेही खेळतात ती २०१४ सालची पाचवी आवृत्ती. तिची पुस्तके जाडजूड आहेत; परंतु आतील जग किती दयाळू! जीवनगुण शून्यावर आले तरी माणूस लगेच मरत नाही. वीस बाजूंचा फासा टाकीत तो मृत्यूशी झगडतो आणि तीनदा हरण्यापूर्वी तीनदा जिंकला तर तरतो. प्रत्येक पात्रास आदर्श, ऋणानुबंध आणि स्वभावदोष यांसह पूर्वचरित्र असते. संकट खेळणाऱ्यांच्या कुवतीस साजेसे असावे, याचीही कोष्टके आहेत. दहा फुटांची काठी त्या यादीत अजून आहे, पण ती कोणी विकत घेत नाही. "मी खोली शोधतो," असे म्हणून फासा टाकला, पात्राच्या नावे लिहिलेला आकडा त्यात मिळविला, बेरीज १७ झाली, की चोरकप्पा सापडला! खोलीत काय होते, पलंग की पेटी, हे कोणी विचारीतही नाही. हे पाहून मी मनाशी म्हणे, ही पिढी गाईड वाचून परीक्षा देते, तद्वतच भुयारेही पार करते.

गतवर्षी त्यांचा सूत्रधार नोकरीनिमित्त बंगळुरास गेला आणि ती गादी माझ्याकडे चालून आली. मी अट घातली की खेळ जुन्या पुस्तिकेप्रमाणे होईल. पहिला महिना मोठ्या आनंदात गेला. त्या मंडळींत एक वक्तृत्वाच्या ढाली मिळविलेला तरुण आहे. तो काठीने फरशी कशी ठोकतो, भिंतीला कान कसा लावतो, हे असे काही वर्णन करी की त्याला नाही म्हणणे मला जड जाई. कन्येची एक मैत्रीणही होती. ती गणिताची विद्यार्थिनी, अत्यंत अबोल. तिने घेतलेले पात्र मात्र होते एका गोडबोल्या, चतुर चोरट्या बाईचे. एका रविवारी पुलावरच्या पहारेकऱ्याने वाट अडविली. ती हळूच म्हणाली, "मी त्याला गोड बोलून वळवते."

"काय बोलतेस ते सांग," मी म्हणालो.

ती गप्प राहिली. सारे तिच्याकडे पाहू लागले, तशी ती अधिकच संकोचली. वर्गात प्रश्न विचारून झाल्यावर मनात तीनपर्यंत मोजण्याची मला जुनी सवय आहे. मी मोजले आणि निकाल दिला: पहारेकऱ्याचा विश्वास बसला नाही, त्याने बाण सोडला. तिचे जीवनगुण होते तीन. तिने आपला कागद नीट चौपदरी घडी करून पर्समध्ये ठेवला, "काका, उशीर झालाय, निघते मी," म्हणाली आणि गेली.

रात्री भांडी आवरताना कन्या एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही तिची तोंडी परीक्षा घेतलीत."

हे वाक्य मला जेथे लागावयाचे तेथे लागले. काही वर्षांपूर्वी माझ्यापुढे असाच एक विद्यार्थी बसला होता. लेखी उत्तरपत्रिकांत तो वर्गात पहिला. तोंडी परीक्षेत त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मी तीनपर्यंत मोजीत गेलो आणि वीसांपैकी सात गुण लिहिले. त्याचा प्रथम वर्ग तीन गुणांनी हुकला. तो त्याच्या भित्रेपणामुळे हुकला, असे मी स्वतःस सांगितले होते. आणि ज्यांना मी अठरा-अठरा गुण दिले, ते सारे केवळ बोलके होते काय, हा प्रश्न मी स्वतःस कधी विचारला नव्हता. पुलावरच्या प्रसंगाची दुसरी लाज अशी की, पुस्तिका पुन्हा चाळली तेव्हा ध्यानात आले, अनोळखी प्राणी भेटल्यास त्याचा कल काय आहे हे दोन फासे टाकून ठरवावे, असे जुन्या कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे तिला जुन्या शास्त्राने मारले नव्हते. शास्त्र बाजूला सारून मी मारले होते.

त्या रात्री मी नव्या आवृत्तीची पाने प्रथमच आदराने वाचली. जो आकडा मी आळशांची पळवाट समजत होतो, तो वस्तुतः एक हक्क होता. मोडके शरीर असलेल्या माणसाने खेळात बलाढ्य योद्धा व्हावे, यास आम्हा जुन्यांची कधी हरकत नसते. त्याने मेज उचलून दाखवावे असे आपण म्हणत नाही. मग अबोल मुलीने वाक्पटू व्हावे म्हटले, की तिने मात्र भाषण करून दाखवावे, हा कोठला न्याय? कागदावर लिहिलेला आकडा सूत्रधाराच्या मर्जीने, थकव्याने किंवा त्याच्या आवडत्या शिष्याच्या वक्तृत्वाने कमी होत नाही. नियम वाढले ते सर्वच काही माणसे सुकुमार झाली म्हणून नव्हे. कित्येक नियमांमागे माझ्यासारखा एखादा सूत्रधार उभा असावा.

तथापि माझा जुना पक्ष अगदीच खोटा आहे असे मला अजूनही वाटत नाही. हे भांडण या खेळापेक्षाही जुने आहे. १८२४ साली राइसविट्झ या प्रशियन तोफखान्यातील लेफ्टनंटाने सैनिकी अधिकाऱ्यांसाठी युद्धाचा खेळ रचला. त्यात नकाशे होते, फासे होते आणि हानीची कोष्टके होती. पुढे त्या कोष्टकांच्या ओझ्याखाली खेळ रुतू लागला. १८७६ साली व्हेर्डी दु व्हेर्नुआ याने कोष्टके बाजूस सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर चालणारा मुक्त खेळ पुरस्कारिला. म्हणजे नियमांचा कंटाळा आला की माणसे पंचाकडे धावतात आणि पंचाचा जाच झाला की नियमांकडे. आमच्या या खेळातही १९७४ च्या पुस्तकांत चोर हे पात्र नव्हते. १९७५ च्या पुरवणीत ते आले आणि सापळे निकामी करण्याचे शेकडेवारी आकडे बरोबर घेऊन आले. ज्यास आपण नवे म्हणतो त्याचे बी दुसऱ्याच वर्षी पडले होते. आणि २००६ च्या सुमारास जुन्या नियमांचे पुनरुज्जीवन करणारी जी पुस्तके निघू लागली, ती काढणाऱ्यांना केवळ बालपणाची आठवण येत होती असे नाही. आकड्यांच्या बेरजेत खोली दिसेनाशी झाली, ही त्यांची तक्रार खरीच होती.

मी त्या मुलीला फोन करून क्षमा मागितली. "काका, खेळच तर आहे," ती म्हणाली. परंतु दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी ती नवे पात्र घेऊन आली, तेव्हा मी मंडळींपुढे तडजोड मांडली. बोलण्याचा प्रसंग असेल तेथे काय साधावयाचे आहे एवढेच सांगावे, शब्द सुचले तर ठीक, निकाल फासा देईल. भुयारातील दगडमातीचा प्रश्न असेल तेथे मात्र आधी पाहावे, विचारावे, मग फासा. आणि मी तीनपर्यंत मोजणार नाही. वक्तृत्वपटू तरुणास ही व्यवस्था किंचित अन्यायाची वाटली, हे येथे नमूद केले पाहिजे.

आम्ही एका पडक्या मठाखालच्या भुयारात होतो. माझ्या नकाशावर तेथे एक गुप्त कोठडी होती. दोन रविवार तो तरुण काठीने फरशी न् फरशी ठोकीत होता; त्याचे वर्णन बहारीचे होते, पण त्याच्या हाती काही लागले नाही. ती मुलगी या काळात एक शब्दही बोलली नव्हती. मी सांगत असलेली लांबीरुंदी ती ग्राफच्या कागदावर पेन्सिलीने उतरवीत होती. एकाएकी तिने तो कागद माझ्यापुढे सरकविला आणि दोन दालनांमधल्या कोऱ्या चौकटींवर पेन्सिलीचे टोक टेकविले.

"काका, इथं वीस फूट कमी पडताहेत," ती म्हणाली.

फासा टाकण्याचे कारणच उरले नाही. भिंत उघडली, आत सहाशे सुवर्णनाणी होती. विस्कॉन्सिनच्या बर्फात मी ज्या शहाणपणाचा अभिमान बाळगून आलो, ते हेच होते. ते जिभेवरच असते अशी माझी समजूत मात्र चुकीची होती. त्याच्यासाठी थोडे थांबावे लागत होते, एवढेच.

येत्या एप्रिलात आमच्या विभागाच्या तोंडी परीक्षा आहेत. या खेपेस विद्यार्थ्यापुढे कोरा कागद आणि पेन्सिल ठेवावी, असे मी योजिले आहे. सहकाऱ्यांनी कारण विचारले तर काय सांगावे, हे अजून ठरलेले नाही. तात्यांना मात्र त्यांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ही हकीकत सांगून पाहणार आहे.