नव्या वर्षाची पहिली पावलं माळरानाकडे

मैत्रिणींनो, जानेवारी लागला की नवी दिनदर्शिका भिंतीवर चढते आणि तिच्याबरोबर एखादा संकल्पही. "यंदा चालायला जायचंच!" हा त्यातला ठरलेला. संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत तो टिकला तरी पुष्कळ!

अमेरिकेत यावर एक छान उपाय निघाला. १९९२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या ब्लू हिल्स या राखीव टेकड्यांवर पहिल्या जानेवारीला माहीतगार वाटाड्याबरोबर चालायला नेण्याची प्रथा सुरू झाली. २०१२ मध्ये ती पन्नासही राज्यांत पोहोचली. आपल्याला मात्र इतकं दूर पाहायला नको. पुणे-सोलापूर रस्त्यावर, इंदापूरच्या अलीकडे लोणी देवकर आहे. एकीकडे उजनीचं पाणी, दुसरीकडे इंदापूर-बारामतीची माळरानं, अशी दुहेरी मेजवानी इथून साधते.

पहाटे आधी पाण्याकडे जावं. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. शेजारचं जुनं पळसदेव पाण्यात गेलं आणि माणसांनी वर येऊन पुन्हा चुली मांडल्या. पळसनाथाचं जुनं देऊळ पाणी फार उतरलं तरच उन्हाळ्यात उघडं पडतं. थंडीत मात्र या पाण्यावर पाहुणे असतात. भिगवणजवळ कुंभारगाव आणि डिकसळच्या काठांवर गुलाबी रोहित आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस दिसतात. गावातलेच नावाडी होडीतून पक्षी दाखवतात, नावंही सांगतात. काठाकाठानं तासभर पायी हिंडावं. हा आपला पहिला फेरफटका.

ऊन चढण्याआधी माळ गाठावा. २०२४ साली पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला गवताळ माळाची सफारी सुरू केली. नोंदणी आधी करावी लागते आणि गावातला मार्गदर्शक बरोबर असतो. ही फेरी वाहनातून असते. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य तर १९९७ पासूनचं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकारा हे या मुलखाचं लेणं. त्याशिवाय लांडगा, खोकड, तरस आणि गवतात लपणारे चंडोल, धाविक.

आता एक मनातली गोष्ट. माळ पाहिला की आपल्या तोंडून सहज निघतं, "इथं काहीच नाही, नुसतं पडीक!" सरकारी कागदांतही अशा जमिनीला वर्षानुवर्षं पडीकच म्हटलं गेलं. मग कुणी तिथे दाट झाडं लावतो, कुणी कचरा टाकतो. पण चिंकाऱ्याला मोकळं रान लागतं. दुरून शत्रू दिसला तरच तो पळून वाचतो. पाला आणि दव यांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर तो बराच काळ काढतो, पण गवत गेलं की तो जातो. त्याच गवतावर धनगरांची मेंढरंही जगतात. दिवसभर राबूनही "घरीच असते" असं जिच्याबद्दल म्हणतात, त्या बाईला तरी हे दुखणं समजावून सांगायला नको!

धोका आपल्या डब्यातूनही येतो बरं का. उरलंसुरलं तिथे टाकलं की भटकी कुत्री जमतात. ती चिंकाऱ्याच्या पाडसांमागे लागतात आणि लांडग्यांना रोगही देतात. म्हणून शिळा घास, सालं, पिशव्या सगळं परत घरी आणायचं. मुलांना हे आईनं सांगितलं की पक्कं बसतं.

निघताना एवढं ध्यानात ठेवा:

कपडे मातकट रंगाचे हवेत, भडक साडी-ओढणी नको. पायांत बंद बूट किंवा कॅनव्हासचे जोडे घाला, कारण कुसळं पायमोज्यांत शिरतात. पहाटे स्वेटर लागतो आणि दहा वाजता टोपी. पाणी माणशी दोन बाटल्या घ्या. डब्यात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ असावा, म्हणजे सांडलवंड होत नाही. दुर्बीण एकच असली तरी पाळीपाळीने पुरते. आणि वाटाड्या "हळू बोला" म्हणाला की गप्प बसायचं!

ज्वारीचा हुरडा याच दिवसांत मिळतो, तेव्हा परतीच्या वाटेवर त्याचीही चौकशी करा. मग काय, शेजारच्या दोघीचौघींना आजच विचारा. एकटीचा संकल्प मोडतो, पण चौघींनी तारीख ठरवली की ती सहसा चुकत नाही.