नर डासाची माधुकरी

मराठी भाषेने नर डासावर एक जुना अन्याय करून ठेवला आहे. 'डास' हा शब्द पुल्लिंगी. त्यामुळे 'डास चावला', 'डास रात्रभर कानाशी गुणगुणत होता' असे आपण निःशंकपणे म्हणून जातो. मधमाशीच्या बाबतीत भाषेचा नेम अचूक लागला: मध गोळा करणारीही मादी आणि नांगी मारणारीही मादीच. डासाच्या बाबतीत मात्र तो हुकला. रक्त पिते ती केवळ मादी. नराच्या सोंडेला माणसाची कातडी भेदताच येत नाही. फुलांतील मकरंद, पानांच्या देठांवरील ग्रंथींतून पाझरणारा रस, मावा किडीने पानांवर सोडलेला गोड चिकट स्राव आणि पिकून फुटलेली फळे यांवरच तो आपले अल्प आयुष्य काढतो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते याहून वेगळे काय असावे?

या संन्याशाकडे आमचे लक्ष वळले ते कुतूहलाने नव्हे, भयाने. २०२३ च्या पावसाळ्यात आमच्या घरात डेंगी शिरला आणि त्याने आमच्या कन्येस गाठले. रोज सकाळी प्लेटलेटचा आकडा यायचा आणि त्या आकड्यावर आमचा दिवस कसा जाणार ते ठरायचे. ती बरी होऊन घरी आली; आमचे मन मात्र डासांपाशीच अडकून राहिले. शत्रूविषयी मिळेल ते वाचावे, असे आम्ही ठरवले. वाचता वाचता ध्यानात आले की हे सारे वाङ्मय बहुतांशी मादीचे आहे. ते स्वाभाविकही आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना हिवतापाचा परोपजीवी सापडला तो मादीच्याच जठरात. रोग मादी पसरवते, म्हणून संशोधनाचा प्रकाश तिच्यावर. परंतु या मादीविषयीच एक वाक्य आमच्या वाचनात आले आणि आम्ही थबकलो. हिवतापाची ॲनोफिलिस असो वा डेंगीची एडिस इजिप्ती, मादीचा समागम साधारणतः आयुष्यात एकदाच होतो. त्या एका भेटीतील शुक्राणू ती पोटातल्या कुपीत साठवते आणि पुढची सारी अंडी त्यावर फळवते. म्हणजे आमच्या घरात शिरलेल्या त्या तापाच्या मागे कोठेतरी एका नराचे काही क्षण उभे होते. त्या क्षणांसाठी लागणारे बळ त्याला कोठून मिळाले?

उत्तर एका शब्दाचे आहे: साखर. पण त्या शब्दात बरेच काही दडलेले आहे.

कोशातून बाहेर पडलेला नर लगेच समागमास योग्य नसतो. त्याच्या उदराचे टोक अर्धा फेरा फिरून योग्य स्थितीत यावे लागते आणि त्यास साधारण एक दिवस जातो. अळी असताना साठवलेली शिदोरी तुटपुंजी असते. नुसत्या पाण्यावर ठेवलेला नर दोन-तीन दिवसांत संपतो; साखरपाणी मिळाले तर प्रयोगशाळेत तो काही आठवडे जगतो. आणि त्याला करायचे काम तर मोठे कष्टाचे आहे. ॲनोफिलिसचे नर सांजवेळी एखाद्या ठळक जागेवर थव्याने जमतात आणि तेथल्या तेथे घिरट्या घालत राहतात. थव्यात मादी शिरते ती एखादीच. उमेदवार मात्र शेकडो. एडिस इजिप्तीच्या नराची रीत थोडी निराळी. तो माणसाच्या आसपासच घुटमळतो. त्याला आपले रक्त नको असते, आपल्या रक्तासाठी येणारी मादी हवी असते.

मादीला तो ओळखतो ते कानाने. त्याच्या पिसांसारख्या झुपकेदार शृंगिकांच्या बुडाशी एक श्रवणेंद्रिय असते. १८५५ मध्ये ख्रिस्तोफर जॉन्स्टन यांनी त्याचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव त्यास मिळाले. एडिस इजिप्तीच्या मादीच्या पंखांचा स्वर सेकंदास सुमारे ४०० कंपनांचा, नराचा सुमारे ६०० चा. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की जवळ येताच दोघे आपापले स्वर असे सरकवतात की त्यांचे उपस्वर सुमारे १२०० कंपनांवर एकत्र येतात. ज्या गुणगुणीने आमची झोप उडते, तिच्यात असे सूर जुळवणे चालू असते. आणि त्यासाठी पंख हलत राहिले पाहिजेत. पंख हलवणारे स्नायू जळणासाठी साखरच मागतात. कॅलिफोर्नियातील एका ॲनोफिलिस जातीवर १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात असे दिसले की थव्यातले ते उड्डाण नराच्या साखरेच्या साठ्याचा मोठा वाटा खाऊन टाकते. आजचा नाच आटोपला की उद्याच्या नाचासाठी पुन्हा फुलांच्या दारी जाणे आले.

येथे आम्हास जुन्या पुण्यातील माधुकरी आठवते. गरीब विद्यार्थी पाच घरी जाऊन अन्न मागत आणि त्यावर शिकत. कोणत्याही एका घरी पोटभर मिळत नसे, आणि एक दिवस फेरी चुकली की उपास ठरलेला. नर डासाची स्थिती याहून बिकट, कारण त्याच्या गाठीला दुसऱ्या दिवसापुरतेही फारसे नसते. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात वुडब्रिज फॉस्टर आणि त्यांचे सहकारी यांनी हाच प्रश्न प्रयोगास लावला. साखर न मिळालेल्या ॲनोफिलिस गॅम्बीच्या नरांची समागमक्षमता दिवसागणिक ढासळते, असे त्यांना आढळले. २००९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या एका प्रयोगात मोठ्या बंदिस्त जागेत रोज नवे डास सोडले जात होते, तरीही साखरेवाचून ठेवलेल्या गटात फलित माद्यांचे प्रमाण घटले. त्यावरून मांडलेल्या गणितात पुढच्या पिढ्यांची संख्याही ओसरताना दिसली. नरांची आवक चालू होती. त्यांच्या अंगी बळ नव्हते.

रानातल्या डासाने माधुकरी मागितली की नाही, हे ताडण्याची युक्तीही मनोरंजक आहे. फ्रुक्टोज ही साखर वनस्पतींची खूण. डास चिरडून त्यावर गंधकाम्लातील अँथ्रोनचे द्रावण घातले आणि निळसर रंग आला, तर तो नुकताच एखाद्या झाडापाशी जाऊन आला, असे समजावे. या एका रंगामुळे प्रयोगशाळेतला प्रश्न गावच्या शिवारात विचारता आला.

असाच प्रश्न मालीमध्ये विचारला गेला. तेथील बांदियागारा भागात अमेरिकेतून आलेले प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा हे काटेरी झाड फोफावले आहे. आपल्याकडे सोलापूर-नगरच्या माळरानांवर हेच झाड 'वेडी बाभूळ' म्हणून ओळखले जाते. संशोधकांनी काही गावांतून या झाडाच्या फुललेल्या फांद्या तोडल्या आणि काही गावांत तशाच ठेवल्या. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: फांद्या तोडलेल्या गावांत ॲनोफिलिसची संख्या सुमारे दोन-तृतीयांशाने घटली. रोग पसरवण्याइतक्या वयस्क माद्यांची घट तर विशेष ठळक होती. आपल्या ओळखीचे दुसरे एक झुडूप, म्हणजे गाजरगवत. केनियातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की ॲनोफिलिसच्या माद्या त्याच्याही रसावर तग धरतात.

हे सारे वाचल्यावर एक निष्कर्ष मोहात पाडतो: तोडा सारी फुले. आमच्या गृहरचना संस्थेच्या सभेत तसा प्रस्ताव खरोखरच आला. आवारातील फुलझाडे काढून तेथे फरश्या बसवाव्यात, असे एका सदस्यांनी सुचवले, आणि आमच्या घरची हकिकत पुराव्यादाखल सांगितली. आम्ही विरोधात बोललो. मालीतील तो भाग कोरडा. तेथे कोरड्या ऋतूत फुलणारी झाडे मोजकी, म्हणून एका झाडाची फुले गेली की माधुकरीची पाचही घरे एकदम बंद. आपल्या शहरात घरांना तोटा नाही. शेजारच्या बंगल्याची बाग, रस्त्याकडेची झाडे, पानांवरचा मावा, फळांच्या गाडीखाली पडलेले कुजके आंबे. आमची चार जास्वंदे आणि एक मधुमालती काढून त्या नराचे काय अडणार? शिवाय डेंगीच्या मादीची गोष्ट वेगळी. थायलंड आणि पोर्तो रिको येथील अभ्यासांत असे दिसले आहे की एडिस इजिप्तीची मादी माणसाच्या वस्तीत राहून वरचेवर माणसाचेच रक्त पिते आणि साखरेकडे क्वचित वळते. फुले गेल्याने तिचे फारसे बिघडत नाही; बिघडते ते मधमाश्यांचे आणि फुलपाखरांचे. तिला रोखायचे तर कुंडीखालच्या ताटल्यांतील पाणी ओतून टाकावे, कारण अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत पुरा होतो. प्रस्ताव थोडक्या मतांनी बारगळला.

युक्तिवाद बिनतोड असला, तरी एक बाजू त्यात राहून गेली आणि ती आम्हास अजून सतावते. आज डासांविरुद्धचे काही मोठे बेत या नरावरच रचलेले आहेत. दिल्लीत १९६९ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांचे एक केंद्र वंध्य केलेले नर सोडण्याचे प्रयोग करीत होते. मोठ्या राजकीय वादंगानंतर १९७५ मध्ये ते बंद पडले. पुढे २०१७ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातील दावलवाडी येथे जनुकबदल केलेल्या एडिस नरांच्या पिंजऱ्यातील चाचण्यांस आरंभ झाला. अशा नरांना प्रयोगशाळेत साखरपाणी आयते मिळते. मोकळ्यावर सोडल्यावर मात्र त्यांनी स्वतःच माधुकरी मागायची, रानटी नरांशी स्पर्धा करायची आणि एखादी मादी गाठायची. ती फेरी जमली नाही तर लाखो नर सोडूनही उपयोग नाही. याच्या उलट दुसरा बेत: फळांचा रस आणि साखर यांत विष कालवून आमिष मांडावे. मालीत पेरूच्या रसाच्या अशा आमिषाने नर आणि मादी दोन्ही झपाट्याने घटले होते. म्हणजे एका उपायास नर धष्टपुष्ट हवा, दुसऱ्यास तो भुकेला हवा, आणि दोहोंचा निर्णय लागतो तो भोवताली काय फुलले आहे यावर. हे ठाऊक नसता फुले तोडणे जितके आंधळे, तितकेच ती राखणेही. जो आपणास चावत नाही त्याची चौकशी करण्याची सवय आपणास नाही. डासाच्या बाबतीत ही बेपर्वाई महाग पडते.

आमची कन्या मात्र हे सारे ऐकून घेऊनही सज्जातील मधुमालतीकडे संशयाने पाहते. संध्याकाळी त्या वेलीपाशी काही उडताना दिसले की ती आत निघून येते. तो नर असेल, चावणार नाही, असे सांगण्याचा मोह आम्ही आवरतो. ज्याने तो ताप अंगावर काढला नाही, त्याने तिला लिंगविवेक शिकवू नये. गेल्या पावसाळ्यापासून दर रविवारी कुंड्यांखालच्या ताटल्या ती स्वतः ओतते, फडक्याने घासून कोरड्या करते आणि मगच जाग्यावर ठेवते. वेल अजून आहे. यंदा ती ठेवायची की नाही, हे तिनेच ठरवावे, असे आम्ही तिला सांगितले आहे.