मागच्या चाकांपर्यंत

मोटारीचे इंजिन पुढे, गिअरबॉक्सही पुढे आणि शक्तीही पुढच्याच दोन चाकांना, अशी रचना असेल तर तिला फ्रंट व्हील ड्राइव्ह म्हणतात. गेल्या पन्नास वर्षांत बहुतेक लहान आणि मध्यम गाड्या याच रचनेच्या झाल्या, कारण ती बनवायला स्वस्त पडते, वजनाला हलकी असते आणि प्रवाशांच्या पायाखालची जागा मोकळी ठेवते. अडचण सुरू होते ती याच रचनेवर स्पोर्ट्स कार उभी केली की. टायरची रस्त्यावरची पकड ही मोजकी पुंजी असते आणि गाडी वळवणे, वेग वाढवणे व ब्रेक लावणे या तिन्ही कामांसाठी ती एकाच गाठोड्यातून काढावी लागते. पुढच्या दोन टायरांनीच वळायचेही आणि ओढायचेही ठरवले, तर जोरदार इंजिन बसताच ती पुंजी अपुरी पडते. त्यात भर म्हणजे वेग वाढताना गाडीचा भार मागे सरकतो. १,२०० किलोची, चाकांमधले अंतर २,४७० मिलिमीटर असलेली आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर असलेली गाडी गुरुत्वत्वरणाच्या चार-दशांश वेगवाढीने निघाली, तर पुढच्या चाकांवरचा जवळजवळ शंभर किलोंचा भार मागच्या चाकांवर जातो, म्हणजे ज्या चाकांना पकडीची गरज आहे नेमकी तीच हलकी होतात आणि मागे दोन चांगले टायर भार अंगावर घेऊन नुसते फरफटत येतात. फ्रंट व्हील ड्राइव्हची गाडी फोर व्हील ड्राइव्ह करण्याचा खटाटोप या दोन रिकाम्या टायरांसाठी असतो.

लंडनच्या पश्चिमेला, बर्कशायर परगण्यातल्या ब्रॅकनेलमध्ये हा विषय पुस्तकी राहत नाही. १९४९ मध्ये ‘न्यू टाउन’ म्हणून, म्हणजे सरकारने आखून वसवायचे नवे नगर म्हणून जाहीर झालेल्या या गावाची वाहतूक प्रामुख्याने राउंडअबाउटांवर, म्हणजे सिग्नलविना चालणाऱ्या गोल चौकांवर, उभी आहे. ब्रिटनमध्ये गाडी डावीकडून चालते आणि गोल चौक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे चौकात शिरलेली गाडी डावीकडे कलते आणि तिचे पुढचे उजवे चाक हलके होते. अशा वेळी ऑक्टोबरच्या ओल्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबला, तर ते हलके चाक जागच्या जागी फिरू लागते, स्टिअरिंग हातात ओढ घेते आणि गाडीचे नाक ठरल्या वळणाच्या बाहेर सरकते. या बाहेर सरकण्याला अंडरस्टिअर म्हणतात, आणि ब्रॅकनेलमध्ये कामावर जाता-येता तो दिवसातून कितीतरी वेळा अनुभवाला येऊ शकतो. बीएमडब्ल्यूची ब्रिटिश कचेरी दीर्घकाळ या गावात होती, होंडाची केन रोडवर आहे. पण या विषयाशी त्याहून सख्खे नाते आहे ते शेजारच्या क्रोथॉर्नचे. तिथल्या सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेने टायरच्या पकडीला मोजता येणारी राशी म्हणून वागवले. रस्ता ओला करत चालणारे आणि २० अंशांनी तिरके धरलेले चाक त्यावरून ओढून बाजूचा जोर नोंदवणारे ‘स्क्रिम’ हे यंत्र याच संस्थेतून निघाले. पकड मोजता येते हे एकदा मान्य केले, की ती चार चाकांत कशी वाटावी हा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही.

कारखान्यांनी हा प्रश्न निरनिराळ्या वाटांनी सोडवला. १९६३ मध्ये रेसिंग गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांनी मिनीच्या मागच्या भागात दुसरे इंजिन बसवून चारही चाके फिरवली. दोन इंजिने, दोन गिअरबॉक्स आणि त्यांचा मेळ घालणारा एक चालक अशी ती योजना, आणि त्याच धर्तीच्या गाडीच्या अपघातात त्याच वर्षी कूपर स्वतः गंभीर जखमी झाले. ऑडीने १९८० मध्ये क्वात्रो आणली, परंतु तिचे इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असल्यामुळे मागे शक्ती नेण्याची वाट सरळ होती. आडव्या इंजिनाच्या गाडीला हे कसे साधावे, याचे उत्तम उदाहरण लान्चियाने घालून दिले: १९७९ ची साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह डेल्टा १९८६ मध्ये चारही चाकांवर आली आणि १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे जागतिक रॅलीचे उत्पादकांचे विजेतेपद तिने लान्चियाकडे ठेवले. तरीही काही गाड्या अपुऱ्या राहिल्या, आणि त्यांत फोक्सवॅगन कोराडोचे नाव आदराने घ्यावे लागते. १९८८ ते १९९५ या काळात जर्मनीतल्या ओस्नाब्रुक येथे बनलेली ही देखणी स्पोर्ट्स कार शेवटपर्यंत फ्रंट व्हील ड्राइव्हच विकली गेली, वास्तविक तिच्याच घराण्यातली दुसऱ्या पिढीची गोल्फ १९८६ पासून ‘सिंक्रो’ या नावाने फोर व्हील ड्राइव्ह मिळत होती आणि १९८९ मध्ये रॅलीच्या नियमांसाठी सुमारे पाच हजार ‘रॅली गोल्फ’ही निघाल्या होत्या. रॅली गोल्फ फक्त डाव्या बाजूच्या स्टिअरिंगचीच बनली, त्यामुळे ब्रिटनमध्ये ती परदेशातून आणावी लागते. कोराडो आणि गोल्फ यांचा पाया एक, कोराडोची जी-६० ही आवृत्ती आणि रॅली गोल्फ यांचे गिअरबॉक्स एकाच कुळातले. तेव्हा कारखान्याने जे केले नाही ते कारखान्याच्याच भागांनी पुरे करण्याची शक्यता इथे खरोखर आहे.

शक्ती मागे न्यायची म्हणजे आडव्या गिअरबॉक्सच्या कडेला एक कोनगिअर बसवावा लागतो. हा दंतचक्रांचा छोटा पेटारा फिरण्याची दिशा काटकोनात वळवतो आणि तिथून एक लांब दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, गाडीच्या पोटाखालून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जातो. वळणावर आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दंतरचना म्हणजे डिफरन्शियल. हाल्डेक्स नावाच्या कपलिंगच्या गाड्यांत कोनगिअर शाफ्टचा वेग साधारण १.६ पट वाढवतो आणि मागचे डिफरन्शियल तो तेवढाच कमी करते. हा द्राविडी प्राणायाम वाटतो, पण त्यामागे पक्का हिशेब आहे. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, २८० न्यूटन-मीटर धरला, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.४ आणि अंतिम गुणोत्तर ३.९ धरले, तर चाकांपाशी सुमारे ३,७०० न्यूटन-मीटर पोहोचतो. त्यातला निम्मा मागे न्यायचा तर शाफ्टवर १,८५० चा पीळ पडेल, पण वेग १.६ पट केला की तोच पीळ १,१६० च्या आत येतो, आणि शाफ्ट, त्याचे सांधे व बेअरिंग सगळे सडपातळ करता येते. या सोयीची किंमत अशी, की पुढचे आणि मागचे गुणोत्तर तंतोतंत एकमेकांना छेद देणारे असावे लागते. एका गाडीचा कोनगिअर आणि दुसऱ्याच गाडीचे डिफरन्शियल, दोन्ही आकाराने जुळतात म्हणून बसवले आणि त्यांच्या दात्यांची संख्या मोजली नाही, तर पुढची आणि मागची चाके सरळ रस्त्यावरही एकमेकांशी झगडत राहतात, आणि त्या झगड्याची उष्णता पुढची आणि मागची बाजू जोडणाऱ्या मधल्या कपलिंगला जाळते. चार टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले असावेत हा आग्रहही याच कारणाने आहे. दोन नवे आणि दोन जुने टायर फ्रंट व्हील ड्राइव्हला चालून जातात, इथे चालत नाहीत.

मधले कपलिंग कोणते घ्यावे, यावर या कामातल्या जाणकारांत मतभेद आहेत. सिंक्रोमध्ये व्हिस्कस कपलिंग असते: सिलिकॉनच्या घट्ट द्रवात बुडवलेल्या छिद्रांच्या चकत्या, ज्यांतल्या एकाआड एक चकत्या पुढच्या आणि मागच्या बाजूला जोडलेल्या असतात. पुढची चाके घसरून वेगाने फिरू लागली की द्रव घुसळला जातो आणि मागच्या चकत्यांना बरोबर ओढतो. त्याला तार नाही, संगणक नाही. पण ब्रेक लावताना पुढची चाके अडली तर तेच कपलिंग मागच्या चाकांनाही अडवू पाहते, म्हणून सिंक्रोच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये फ्रीव्हील ठेवावे लागले, आणि फ्रीव्हील उलट दिशेला शक्ती नेत नसल्यामुळे रिव्हर्स गिअरसाठी त्याला बंद करणारी वेगळी यंत्रणाही द्यावी लागली. सुरुवातीच्या पिढ्यांच्या हाल्डेक्समध्ये पुढच्या-मागच्या वेगातल्या फरकाने छोटे पंप चालतात, त्यांच्या तेलाचा दाब क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळतो, आणि तो दाब किती ठेवायचा हे इलेक्ट्रॉनिक झडप ठरवते. ब्रेक लागला की झडप उघडते आणि मागची चाके मोकळी होतात. महाराष्ट्राला हे यंत्र परके नाही, कारण तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली गेलेली स्कोडा येटी फोर बाय फोर हाल्डेक्सचीच, पण नंतरच्या पिढीची होती. कोराडोसारख्या जुन्या गाडीत हाल्डेक्स घालायचे तर चारही चाकांचा वेग, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक यांची माहिती त्याच्या संगणकाला पुरवावी लागते, आणि जिच्या वायरिंगमध्ये ही भाषाच नाही त्या गाडीत ती नव्याने ओवावी लागते. गाडी जुनी असेल आणि जुनीच ठेवायची असेल, तर व्हिस्कस कपलिंग आणि फ्रीव्हील हीच जोडी योग्य. हाल्डेक्स अधिक हुशार आहे, पण त्याची हुशारी उसन्या माहितीवर चालते, आणि वीस वर्षांनी ती माहिती पुरवणारा एखादा सेन्सर गेला तर गाडी पुन्हा फ्रंट व्हील ड्राइव्ह होऊन बसते.

तरीही गिअर आणि कपलिंग हा या कामाचा सोपा भाग आहे, कारण तिथे बोल्ट आहेत. खरे कौशल्य पत्र्यात लागते. फ्रंट व्हील ड्राइव्ह कोराडोच्या मागच्या अंगाला टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच पिळदार तुळई असते, जिथे डिफरन्शियल यायचे तिथे स्टेपनीचा खड्डा आणि पेट्रोलची टाकी असते. सिंक्रोत दोन्ही चाकांना स्वतंत्र भुजा असतात, त्यांच्या आधारांच्या जागा वेगळ्या असतात आणि टाकीही वेगळ्या घडणीची असते. म्हणून अपघातात पुढून चिरडलेली, पण मागून शाबूत असलेली सिंक्रो शोधून तिचा मागचा तळ कापून काढावा लागतो. ब्रिटनमध्ये ज्या अपघातग्रस्त गाडीवर ‘बी’ वर्गाचा शिक्का बसतो तिचा सांगाडा रस्त्यावर परत येऊ शकत नाही, सुटे भाग मात्र वापरता येतात. तळाचा कापून घेतलेला तुकडा हा सुटा भाग की सांगाड्याचा अंश, हे खरेदीपूर्वी विचारून घेणे शहाणपणाचे.

कापण्याआधीचे माप हा या कलेतला सर्वांत शांतपणे करायचा टप्पा आहे. गाडी चार भक्कम स्टँडवर पाणसळीने सपाट केली जाते आणि सस्पेन्शनच्या प्रत्येक बोल्टच्या भोकातून गवंड्याचाच ओळंबा खाली सोडला जातो. त्याचे टोक स्थिरावले की गॅरेजच्या सिमेंटवर अणकुचीदार खिळ्याने फुली मारली जाते, फुल्यांमधून खडूची दोरी ताणून मध्यरेषा उठवली जाते आणि मग समोरासमोरच्या फुल्यांचे कर्ण मोजले जातात. दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. मागच्या दोन चाकांच्या जागांत पुढे-मागे ३ मिलिमीटरचा फरक राहिला, तर १.४ मीटर रुंदीवर तो अंशाच्या आठव्या हिश्श्याएवढा तिरकसपणा होतो आणि गाडी जन्मभर किंचित आडवी चालते. मागचे चाक फक्त मागून येत होते तोवर हा दोष टायर खाण्यापुरता होता. चाकाला इंजिनाची शक्ती मिळाली की हाच दोष गाडीला ढकलू लागतो. यानंतर कारखान्यातले स्पॉट वेल्ड, म्हणजे दोन पत्र्यांना ठिपक्या-ठिपक्यांनी जोडणारे सांधे, पोकळ तोंडाच्या कटरने एकेक करून असे कापायचे, की वरचाच पत्रा सुटावा आणि खालचा अखंड राहावा. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असेल तर वेल्डिंगच्या जागी तो घासून काढणे आणि दारे सताड उघडी ठेवणे आवश्यक असते, कारण जस्ताच्या धुराने अंगात ताप भरतो. नवा तळ बसवताना वेल्ड लांबलचक ओढत नाहीत. थोडा इथे, थोडा समोरच्या कोपऱ्यात असे करत पत्रा निवू दिला जातो, नाहीतर उष्णतेने तो ओढला जातो आणि ओळंब्याने साधलेले सगळे माप बिघडते.

ब्रॅकनेलमधल्या ग्रेट हॉलंड्ससारख्या वसाहतींत घरांपासून दूर, ओळीने बांधलेली जी अरुंद गॅरेजे आहेत, त्यांत हे काम अवघड असले तरी अशक्य नाही. मात्र कायद्याचा विचार त्याआधी येतो. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निर्णय यांमुळे उत्पादकाच्या मूळ रचनेला छेद देणारा असा बदल करता येत नाही. ब्रिटन या बाबतीत उदार आहे, पण बेफिकीर नाही. तिथे दीर्घकाळ आठ गुणांचा नियम होता: मूळ सांगाड्याला पाच गुण, सस्पेन्शन, एक्सल, गिअरबॉक्ससह शक्तिवहन आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, इंजिनाला एक. आठ गुण राखले नाहीत किंवा सांगाडा कापला, तर गाडीची मूळ ओळख जाऊन तिला नव्याने तपासणी आणि ‘क्यू’ अक्षराची नंबरप्लेट घ्यावी लागे. इंजिनापेक्षा सांगाड्याला पाचपट वजन देणारी ही मांडणी यंत्राच्या दृष्टीनेही रास्त होती. २०२५ मध्ये हे धोरण बदलण्यात आले, त्यामुळे जुन्या पुस्तिकांवर विसंबून चालणार नाही.

निव्वळ व्यवहार पाहिला तर तयार फोर व्हील ड्राइव्ह गाडी विकत घेणे केव्हाही स्वस्त, आणि या बदलाने गाडीचे वजन शंभर किलोंच्या आसपास वाढते हेही खरे. पण कोराडोसारखी गाडी ज्या रूपात कधी निघालीच नाही, ते रूप तिला देणे हे काम करण्याजोगे आहे, फक्त ते कारखान्याच्या भागांनी, कारखान्याच्या मापांत आणि पुढच्या मिस्त्रीला उलगडेल असे झाले पाहिजे. ज्या कुणाला हे करायचे असेल त्याने ग्राइंडर हातात घेण्यापूर्वी वाहन नोंदणी खात्याला आणि विमा कंपनीला लेखी विचारावे, प्रत्येक वेल्डचे छायाचित्र रंग चढण्याआधी काढून ठेवावे, आणि कोणता भाग कोणत्या गाडीचा व त्याच्या गुणोत्तराचे आकडे काय, याची यादी गाडीच्या कागदपत्रांसोबत कायम ठेवावी.