बँड सोडू नकोस

पारनेर

चि. बाळास,


काल ताईचा फोन आला होता. तू बँडच्या नादात परीक्षा बुडवशील, या धास्तीनं ती रडत होती. आपल्या तालुक्यात पाऊस कमी, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईला गेली ती पगारासाठी. पगार नसलेल्या कामात कुणी जीव ओततं, हे तिला पटणं अवघड आहे. तिची काळजी खरी आहे. तरी मी तुला 'सोड' म्हणणार नाही. मात्र ज्यांच्यामुळे तुला मेटल संगीताचं वेड लागलं, त्या मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शननं काय काय केलं ते नीट बघ.

साहिल माखिजानं २००० साली हा बँड काढला. दुसरा अल्बम, 'अ डार्कनेस डिसेंड्स', यायला २००५ उजाडलं. मधल्या काळात मुंबईत धोबीतलावचं रंगभवन हे खुलं सभागृह शांतता क्षेत्रामुळे रॉकच्या कार्यक्रमांना बंद झालं. अशा दिवसांत त्यानं डेमनस्टीलर रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी काढली, तिच्यातून इतर बँडचेही अल्बम आणले, रिझरेक्शन नावाचा महोत्सव भरवला. मला त्यांच्या गाण्यांपेक्षाही हे मोठं वाटतं. आपल्याकडे सप्ताहाला मांडव, टाळकरी, पंगत सगळं गाव पुरवतं, बुवांनी येऊन उभं राहायचं. या पोरांना मांडवाच्या खड्ड्यापासून सुरुवात करावी लागली, आणि त्यांच्या मांडवात दुसरेही गायले.

२०१० साली नॉर्वेतल्या इन्फर्नो महोत्सवात ते वाजवून आले. त्याच वर्षी 'मेटल हॅमर' या ब्रिटिश मासिकानं त्यांना ग्लोबल मेटल पुरस्कार दिला. वादक बदलत गेले, साहिल टिकला. २०१७ पर्यंत अल्बम झाले पाच.

पाचवा 'दशावतार'. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराचं एक गाणं. तू पाठवलास तेव्हा मी तो सलग ऐकला. नरसिंहाला तो गुरगुरता आवाज शोभतो, हे माझं प्रामाणिक मत आहे.

आणि हेही लक्षात घे, की याच साहिलनं यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' हा स्वयंपाकाचा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालवलाय. बँडच्या जोडीला त्यानं हाताला दुसरं काम ठेवलं.

तेव्हा पदवी पुरी कर आणि बँडही चालू ठेव. तालमीच्या खोलीचं भाडं परीक्षेपर्यंत मी भरीन. ताईला मात्र आजच फोन कर, आणि हे सगळं तिला तूच सांग.

तुझा,
मामा